हॅलोविनचं कबरस्तान पुडिंग: थर एकमेकांत न मिसळता काचेच्या बोलमध्ये कसं लावायचं

हॅलोविन जवळ आलं की हे पुडिंग बरेच जण करायला घेतात, खाली काळी माती, मग चॉकलेट, मग केशरी भोपळा, वर पांढरं धुकं आणि सगळ्यात वर थडगी आणि भुतं. आणि बऱ्याच जणांचं पार्टीच्या वेळेपर्यंत एकच होतं, केशरी थर चॉकलेटमध्ये उतरतो, पांढरी क्रीम खाली घसरते, काचेला तपकिरी डाग, आणि वरची भुतं ओली होऊन वाकलेली. चव चांगलीच असते हो, पण ज्यासाठी काचेचा बोल घेतला तेच दिसत नाही. रेसिपी सगळ्यांची साधारण सारखीच असते, घोळ होतो तो घट्टपणाचा, गारपणाचा आणि क्रमाचा. म्हणून खाली मी मापं कमी आणि "आता पुढं जायचं की थांबायचं" हे जास्त लिहिलंय.

हे साधारण १५ जणांना पुरतं. सोपं नाही म्हणणार मी, पण प्रत्येक काम सुटं सुटं केलं तर एकही काम अवघड नाही.

आधी बोल मोजा

सरळ उभ्या भिंतीचा काचेचा बोल घ्या, व्यास २० सेंमी आणि उंची किमान १२ सेंमी. खाली निमुळता होत जाणारा बोल घेतला तर खालचा थर जाड आणि वरचा पातळ दिसतो, आणि माप सगळं चुकतं.

एक हिशोब लक्षात ठेवा, २० सेंमी व्यासाच्या बोलमध्ये १ सेंमी उंचीच्या थराला साधारण ३१५ मिली माल लागतो. म्हणजे ३ सेंमीचा थर हवा तर ९५० मिलीच्या आसपास. तुमचा बोल वेगळा असेल तर आधी त्यात पाणी ओतून बघा, १ सेंमीला किती पाणी लागतं ते मोजा आणि त्याप्रमाणे मापं कमी जास्त करा. हे पाच मिनिटांचं काम कोणी करत नाही आणि मग शेवटच्या थराला जागाच उरत नाही, किंवा अर्धा बोल रिकामा.

आणखी एक, बोल फ्रिजमध्ये मावतो का ते आजच बघा. उरलेलं पुडिंग थडग्यांसकट परत ठेवायचं असेल तर उंची ५-६ सेंमी जास्त धरा.

काय काय लागेल

मातीसाठी: काळी चॉकलेट बिस्किटं ४५० ग्रॅम (३०० खाली, १५० मधे आणि वर), बटर ६० ग्रॅम.

चॉकलेट कस्टर्डसाठी: फुल फॅट दूध ७५० मिली, अंड्याचे पिवळे बलक ३, कॉर्नफ्लोर ४५ ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, डार्क चॉकलेट १०० ग्रॅम, चिमूटभर मीठ. अंडं नको असेल तर बलक काढून टाका आणि कॉर्नफ्लोर ६० ग्रॅम करा, बाकी कृती तीच.

केशरी थरासाठी: पाणी निथळलेला भोपळ्याचा गर ४०० ग्रॅम, क्रीम चीज २५० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, दालचिनी पूड १ टीस्पून, सुंठ अर्धा टीस्पून, जायफळ पाव टीस्पून, लवंग पूड अगदी चिमूट, व्हिपिंग क्रीम २०० मिली.

धुक्यासाठी: व्हिपिंग क्रीम ३०० मिली, पिठीसाखर ३ टेबलस्पून, जिलेटिन १ टीस्पून. जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, चालत नसेल तर त्याऐवजी २ टेबलस्पून दूध पावडर.

भुतांसाठी: अंड्याचे पांढरे २ (साधारण ६० ग्रॅम), बारीक साखर १२० ग्रॅम, लिंबाचा रस अर्धा टीस्पून, थोडं वितळलेलं चॉकलेट. कस्टर्डच्या अंड्यांतलेच पांढरे इथं वापरले जातात, फक्त भुतं आधी करायची असल्याने ते बलक एक दिवस फ्रिजमध्ये ठेवावे लागतील, वर थोडं पाणी घालून डबा घट्ट बंद करा आणि कस्टर्ड करताना ते पाणी काढून टाका.

थडग्यांसाठी लांबट, कडक बिस्किटं ५-६.

सावधान: क्रीमचा डबा वाचा. डेअरी क्रीममध्ये फॅट ३५ टक्क्यांच्या आसपास हवं, त्याहून बरंच कमी असेल तर ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम सहसा आधीच गोड असते, तिच्यात वर दिलेली साखर घातली तर खाववणार नाही.

टप्पा १: दोन दिवस आधी भोपळा आणि भुतं

भोपळा उकडू नका. उकडला की तो पाणी पितो आणि तेच पाणी नंतर थरातून बाहेर येतं. दोन भाग करून बिया काढा, कापलेली बाजू खाली ठेवून २०० अंशावर ४०-४५ मिनिटं भाजा, सुरी लोण्यात जावी तशी आत गेली पाहिजे. गर काढून मिक्सरला फिरवा आणि स्वच्छ सुती फडक्यात बांधून चाळणीवर ठेवा, खाली भांडं, वर एखादी वाटी वजनाला. निदान एक तास, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलात तर उत्तम. सकाळी खालच्या भांड्यात पिवळसर पाणी साठलेलं दिसेल, भोपळा फारच पाणचट असेल तर अर्धी वाटीसुद्धा निघतं. ते सगळं तुमच्या पुडिंगमध्ये जाणार होतं.

डब्यातला गर वापरत असाल तर नुसती प्युरी घ्या, "पंपकिन पाय फिलिंग" (पाय या गोड पदार्थात भरायचं तयार सारण) लिहिलेला डबा नको, त्यात साखर आणि मसाला आधीच असतो. आणि डब्यातला गरही थोडा निथळून घ्याच.

तपासा: गराचा चमचा ताटलीत उलटा केला तर ढीग तसाच राहिला पाहिजे आणि कडेने पाण्याची रेघ सुटता कामा नये. सुटली तर परत फडक्यात.

आता भुतं. भांडं आणि बीटर पूर्ण कोरडे आणि बिनतेलाचे हवेत, पांढऱ्यात बलकाचा एक थेंब जरी गेला तरी फेस नीट येत नाही. पांढरं आणि लिंबाचा रस फेटा, मऊ शिखरं आली, म्हणजे बीटर उचलल्यावर फेसाचं टोक उभं राहून वाकायला लागलं, की साखर एक एक चमचा करून घाला. घाई करू नका, मिश्रण बोटांत चोळल्यावर साखरेचा कण लागला नाही पाहिजे. पायपिंग बॅगने बटर पेपरवर ५ सेंमी उंच भुतं काढा, खाली रुंद, वर ओढून टोक. १०० अंशावर दीड तास भाजा, मग ओव्हन बंद करून दार न उघडता आतच गार होऊ द्या. डोळे गार झाल्यावर काढा, टूथपिक चॉकलेटमध्ये बुडवून. चॉकलेट वितळवताना त्यात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, लगेच गुठळी होऊन बसतं.

गार झाल्या झाल्या हवाबंद डब्यात. मेरिंग, म्हणजे हा भाजलेला पांढऱ्याचा फेस, हवेतली ओल शोषतं, पावसाळी दिवस असेल तर उघडं ठेवलेलं भूत काही तासांत चिकट होतं. फ्रिजमध्ये तर अजिबात नको.

अंडं नको असणाऱ्यांनी व्हाइट चॉकलेट वितळवून बटर पेपरवर चमच्याच्या पाठीने भुताच्या आकारात ओढायचं आणि गार करायचं, दिसतं छान.

थडग्यांच्या बिस्किटांवर वितळलेल्या चॉकलेटने काय लिहायचं ते लिहून वाळवून ठेवा.

टप्पा २: आदल्या दिवशी सकाळी माती आणि कस्टर्ड

बिस्किटं मधल्या क्रीमसकट मिक्सरला फिरवली तर चालतात, पण क्रीम काढलं तर चुरा जास्त मोकळा आणि मातीसारखा होतो. मी काढते. ३०० ग्रॅम चुऱ्यात वितळलेलं बटर मिसळून बोलच्या तळाला पसरा आणि हाताने हलकं दाबा, वाटीने ठोकून ठोकून नको, नाहीतर फ्रिजमध्ये वीट होते आणि वाढताना चमचा खाली जात नाही. साधारण दीड सेंमी थर होईल. बोल फ्रिजमध्ये. उरलेला १५० ग्रॅम चुरा बटर न घालता कोरडाच, डब्यात बंद.

आता कस्टर्ड, आणि इथं जरा नीट वाचा कारण माझ्या मते निम्मी पुडिंगं इथंच बिघडतात.

बलक, साखर, कॉर्नफ्लोर, कोको, मीठ आणि १०० मिली थंड दूध एकत्र करून गुठळी राहणार नाही असं फेटा. बाकीचं दूध गरम करा, वाफा यायला लागल्या की त्यातलं थोडं थोडं बलकाच्या मिश्रणात ओता आणि हात चालू ठेवा. मग सगळं परत पातेल्यात, मध्यम आच, तळापासून ढवळत राहायचं. घट्ट व्हायला लागलं की बहुतेक जण गॅस बंद करतात. करू नका. फटफट असे मोठे बुडबुडे यायला लागल्यावर आणखी पूर्ण १ ते २ मिनिटं ढवळत शिजवा.

का, तर बलकात अमायलेज नावाचं एंझाइम असतं जे स्टार्च तोडतं. पूर्ण उकळी येऊन ते निकामी झालं नाही तर कस्टर्ड गरम असताना एकदम झकास घट्ट दिसतं आणि रात्रभरात फ्रिजमध्ये पातळ होतं. माझं झालंय असं, रात्री चमचा उभा राहील इतकं घट्ट ठेवलेलं, सकाळी बोल जरा तिरका केला तर कस्टर्ड एका बाजूला वाहत गेलं आणि वरचा भोपळा त्याच्याबरोबर. तेव्हा मी कॉर्नफ्लोर कमी पडलं समजून पुढच्या वेळी वाढवलं, तरी तेच. माप बरोबरच होतं, शिजवणं अपुरं होतं. आपल्या लाळेतही हेच एंझाइम असतं, म्हणून चाखलेला चमचा परत कस्टर्डमध्ये घालायचा नाही, स्वच्छतेसाठी तर नाहीच पण घट्टपणासाठीही नाही.

गॅस बंद करून चॉकलेटचे तुकडे घाला, विरघळवा, चाळणीतून गाळा. साय येऊ नये म्हणून क्लिंग फिल्म थेट कस्टर्डच्या अंगाला चिकटवून लावा, भांड्याच्या तोंडावर नाही. आता कोमट होऊ द्या, १०-१५ मिनिटांनी एकदा ढवळायचं.

तपासा: भांड्याला बाहेरून हात लावला की गरम नाही, जेमतेम कोमट वाटलं पाहिजे. गरम ओतलं तर खालच्या मातीतलं बटर वितळतं, चुरा तरंगत वर येतो आणि काचेवर ठिपके ठिपके दिसतात.

टप्पा ३: ओतायचं कसं, आधी कडा आणि मग मधलं

सगळे थर याच पद्धतीने लावायचे म्हणून एकदाच लिहिते. मधोमध बदाबदा ओतलं की खालच्या थराला खड्डा पडतो आणि माल कडेने वर येऊन काचेला चोपडतो. त्याऐवजी थोडं मिश्रण पायपिंग बॅगमध्ये भरा, नाहीतर जाड प्लास्टिक पिशवीचं टोक कापून घ्या. बॅगचं टोक काचेला जवळजवळ टेकवून बोलच्या आत कडेकडेने एक पूर्ण गोल फिरवा, एका वेढ्याने उंची कमी वाटली तर त्यावर दुसरा. हा झाला बांध. मग उरलेलं मिश्रण चमच्याच्या पाठीवरून हळूहळू मधे सोडा आणि स्पॅच्युलाने आतून बाहेर पसरवत बांधाला मिळवा. बाहेरून जे दिसतं ती फक्त ही कडेची रिंग असते, मधे थोडं वर खाली झालं तरी कोणाला कळत नाही.

प्रत्येक थरानंतर काचेचा वरचा भाग जरासा ओल्या टिश्यूने पुसा आणि मग कोरड्याने. वाळलेला कोको नंतर निघत नाही, आणि पुसायला गेलं तर खालच्या थराची कडा बिघडते.

कस्टर्ड असं लावून झालं की फिल्म लावून फ्रिजमध्ये निदान ४ तास. हे चार तास कमी करायचे नाहीत, फ्रीजरमध्ये ठेवून तर नाहीच, कॉर्नफ्लोरचं कस्टर्ड गोठून परत वितळलं की त्यातून पाणी सुटतं.

तपासा: बोटाच्या टोकाने मधोमध हलकं दाबा. बोटाला न चिकटता खळगा पडून राहिला तर पुढं जा. बोटाला ओलं लागलं किंवा खळगा लगेच भरून आला तर आणखी तासभर थांबा.

टप्पा ४: आदल्या दिवशी संध्याकाळी केशरी थर

क्रीम चीज दोन तास आधी बाहेर काढून ठेवा, थंड चीज फेटलं तर बारीक दाणे राहतात आणि ते नंतर कशानेही जात नाहीत. ठोकळ्याच्या रूपात मिळतं ते घ्या, ब्रेडला लावायच्या डब्यातलं जास्त मऊ असतं आणि थर ढिला होतो.

आधी फक्त चीज आणि पिठीसाखर फेटा, पूर्ण गुळगुळीत. मग भोपळ्याचा गर आणि मसाले. दुसऱ्या थंड भांड्यात २०० मिली क्रीम फेटा, बीटर उचलल्यावर टोक जेमतेम वाकेल इथपर्यंत. ही क्रीम तीन भागात घालायची, पहिला भाग बिनधास्त मिसळा म्हणजे मिश्रण सैल होतं, पुढचे दोन हलक्या हाताने, स्पॅच्युला मधून खाली आणि कडेने वर. पांढऱ्या रेघा दिसायच्या थांबल्या की हात थांबवा. बीटरने मिसळलं की सगळी हवा जाते आणि तीन सेंमीचा थर दोनवर येतो.

रंग भोपळ्यावर अवलंबून असतो, फिकट आला तर केशरी रंग घाला पण जेल किंवा पावडरचा, पाण्यासारखा पातळ रंग नको, इतका वेळ निथळून काढलेलं पाणी परत कशाला घालायचं.

कस्टर्डवर कोरड्या चुऱ्याची पातळ रेघ पसरा, काचेजवळ जरा जास्त. ती दोन रंगांमधे काळी रेषा म्हणून दिसते आणि थोडी ओलही धरून ठेवते. त्यावर केशरी थर, आधी कडा मग मधलं. रात्रभर फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये कांदा लसूण उघडा नको, क्रीम वास लगेच ओढून घेते.

जड थर खाली आणि हवा भरलेला हलका थर वर हा क्रम बदलू नका. भोपळा खाली आणि कस्टर्ड वर केलं तर रंग चांगले दिसतील असं वाटतं, पण कस्टर्डच्या वजनाने खालची हवा दबते आणि कडेने केशरी माल वर सरकतो.

टप्पा ५: पार्टीच्या दिवशी धुकं

वाढायच्या ३-४ तास आधी. भांडं आणि बीटर १५ मिनिटं फ्रीजरमध्ये. जिलेटिन ४ टीस्पून थंड पाण्यावर भुरभुरवा, ५ मिनिटं फुगू द्या, मग गरम पाण्याच्या वाटीवर ठेवून वितळवा, उकळायचं नाही. क्रीम आणि साखर फेटायला घ्या, बीटरच्या रेषा दिसायला लागल्या की बीटर चालू ठेवूनच कोमट जिलेटिन बारीक धारेने सोडा. गरम असेल तर क्रीम वितळते, फार गार झालं असेल तर तिथल्या तिथे दोरे होतात, म्हणून वाटीला बोट लावून बघा, ऊन नाही आणि गारही नाही असं. दूध पावडर वापरत असाल तर ती साखरेबरोबरच सुरुवातीला.

सावधान: क्रीम शेवटच्या अर्ध्या मिनिटात बिघडते. चकाकी जाऊन खरखरीत दिसायला लागली की बीटर बंद. थोडीच खरखरीत झाली असेल तर दोन चमचे न फेटलेली थंड क्रीम हाताने मिसळा, सावरते. पिवळट गोळे आणि पाणी वेगळं झालं तर ते लोणी झालं, ते परत येत नाही.

धुकं सपाट करू नका, चमच्याने उंचसखल ठेवा, कडेला मात्र रिंग नीट हवी. परत फ्रिजमध्ये.

टप्पा ६: शेवटची १५ मिनिटं

चुरा, थडगी, भुतं, सगळं आत्ता. आधी लावायचा मोह होतो कारण फोटो काढायचा असतो, पण क्रीमवर चुरा तासाभरात ओला पडतो आणि मेरिंग खालून विरघळायला लागतं.

उरलेला चुरा कडेला एक बोट पांढरं दिसेल असं सोडून पसरा. थडगी एक तृतीयांश आत खोचा, जरा तिरकी ठेवली तर जुनी वाटतात. थडग्यासमोर चुऱ्याचा लांबट उंचवटा केला की कबर झाली. भुतं शेवटी, क्रीमवर थेट ठेवण्यापेक्षा खाली चुऱ्याचा ढीग करून त्यावर ठेवा, जास्त वेळ टिकतात. साखरेचे तयार डोळे लावत असाल तर तेही आत्ताच, त्यांचा काळा रंग क्रीमवर ओघळतो.

ड्राय आइसचा धूर हवा असेल तर ते बोलमध्ये किंवा बोलवर कधीच टाकू नका. ते उणे ७८ अंशाच्या आसपास असतं, तोंडात किंवा हातात गेलं तर इजा होते, आणि बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो. वापरायचंच तर खिडकी उघडी ठेवून, वेगळ्या मोठ्या भांड्यात, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं. प्लास्टिकचे कोळी सजावटीला टेबलावर ठेवा, पुडिंगवर नको, छोट्या मुलाच्या घासात गेला तर घशात अडकेल.

बोलशेजारी एक चिठ्ठी ठेवा, यात अंडं, दूध आणि गहू आहे, जिलेटिन घातलं असेल तर तेही लिहा.

वाढताना

लांब दांड्याचा मोठा चमचा घ्या आणि सरळ उभा तळापर्यंत घाला, मग उचला, म्हणजे प्रत्येकाच्या वाटीत सगळे थर येतात. पहिली वाटी कडेला लागून काढू नका, मधून सुरू करा, काचेची बाजू जितका वेळ शाबूत राहील तितका वेळ बघायला मजा येते. बोल बाहेर जास्तीत जास्त २ तास, त्यानंतर उरलेलं झाकून परत फ्रिजमध्ये आणि दोन दिवसांत संपवा, त्याआधी उरलेली भुतं उचलून खाऊन टाका, उद्यापर्यंत ती राहणार नाहीत.